अजून दोन हजार घातले की…

आमच्या घरातला मिक्सर गेली दोन वर्षं झाकणावर हात दाबून धरल्याशिवाय फिरत नाही. हात काढला की झाकण उडतं आणि खोबऱ्याची चटणी थेट ट्यूबलाइटपर्यंत जाते. नवा घेऊ या, असा विषय निघाला की मी म्हणायचो, "हात धरला की चालतोय ना? मग कशाला उगाच?" हे वाक्य मी आजवर सात वेळा म्हटलंय. मी मोजलं नव्हतं. बायकोने मोजलं होतं.

तर 2024 च्या दिवाळीच्या सुमारास हातात थोडे पैसे आले आणि मी जाहीर केलं की घरात एक चांगला कॉम्प्युटर पाहिजे. मुलीचा अभ्यास, माझं बँकेचं काम, झालंच तर फोटो नीट लावून ठेवता येतील. खरं कारण वेगळं होतं. कॉलेजात असताना डोंबिवली स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत आम्ही तासाच्या हिशेबाने पैसे देऊन गाड्या पळवायचो. खिशात एका तासाहून जास्त पैसे कधी नसायचे. शर्यत ऐन रंगात आली की मालक मागून म्हणायचा, "टाइम झाला." ते दोन शब्द वीस-बावीस वर्षं माझ्या मानेवर बसून होते. मला एकदा अशी गाडी पळवायची होती, की मागून कोणी टाइम झाला म्हणणार नाही. (मी विवाहित आहे, हे त्या वेळी लक्षात आलं नाही.)

बजेट ठरवलं पन्नास हजार. सल्लागार म्हणून भाचा चिन्मय. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि अभ्यास सोडून जे जे म्हणून असतं त्यात हुशार आहे.

"मामा, पन्नासात मस्त होईल," तो म्हणाला. "पण…"

त्या 'पण'ने माझा घात केला. वीस हजारांत बरं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरची चित्रं काढणारा भाग, मिळत होतं. पण अजून चार-पाच हजार घातले की 3060 नावाचं कार्ड मिळतं, 12 जीबी मेमरीचं. ठीक, 3060 घेऊ. पण ते 2021 चं. अजून चार घातले की 4060.

"त्यात किती जीबी?"

"आठ."

माझी सगळी हयात बँकेत गेली. "जुन्यात बारा, नव्यात आठ, आणि पैसे नव्याला जास्त?"

"आर्किटेक्चर नवं आहे मामा. शिवाय वीज कमी खातं. ते 170 वॉट, हे 115."

वीज कमी खातं हे वाक्य मी लगेच टिपून ठेवलं. घरी सांगायला उपयोगी पडणार होतं.

मग त्याने मला आकडे वाचायला शिकवलं. पहिले दोन आकडे म्हणजे पिढी, शेवटचे दोन म्हणजे हुद्दा. म्हणजे 4060 हा नव्या भरतीतला कारकून आणि 3070 हा जुना पण हेडक्लार्क. कामाला दोघांत कोण भारी, हे मात्र दर वेळी वेगळं बघावं लागतं. इथपर्यंत मला सरकारी नोकरीच्या धर्तीवर सगळं समजलं. शेवटी 'टीआय' लागलं तर काय, असं विचारलं तर म्हणाला, "थोडं जास्त." चिप एका कंपनीची, पण त्यावर पंखे बसवून विकणाऱ्या कंपन्या दहा, आणि प्रत्येकीची नावं निराळी: कोणाचं 'ईगल', कोणाचं 'व्हेंटस', कोणाचं नुसतं 'टफ'. एकाच कार्डाच्या इतक्या भावंडांत पाच-पाच हजारांचा फरक का, असं विचारलं तर परत तेच. "थोडं जास्त."

सगळ्यात कहर एएमडी नावाच्या चिप बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीने केलाय. त्यांचा रायझन 5 7600 नावाचा प्रोसेसर आहे आणि आरएक्स 7600 नावाचं ग्राफिक्स कार्डही आहे. दोन्ही एकाच वर्षी, 2023 मध्ये आलेली. आमच्या बँकेत दोन खात्यांना एकच नंबर दिला असता तर माझ्यावर चौकशी बसली असती.

कार्ड ठरलं म्हणजे सुटलो, असं मला वाटलं होतं. पण कार्ड म्हणजे घरात आलेला जावई. त्याच्या मानाने बाकीचं सगळं करावं लागतं. प्रोसेसर हलका घेतला तर बॉटलनेक, म्हणजे त्याच्यापायी कार्डही अडकून राहणार. हा चिन्मयचा लाडका शब्द. तो दिवसातून इतक्यांदा म्हणायचा, की माझी आई घाबरून विचारायला लागली, कोणाचं काय अडकलंय. प्रोसेसर चांगला घेतला तर सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्डही तसा हवा. कार्ड सेकंदाला शंभर-सव्वाशे चित्रं काढणार, तर घरातला साठ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठच चित्रं दाखवणारा मॉनिटर त्यातली निम्मी वाया घालवणार. म्हणून 144 हर्ट्झचा मॉनिटर. पॉवर सप्लाय 450 वॉटचा पुरला असता, "पण पुढे मोठं कार्ड टाकायचं झालं तर? अजून दोन हजार घातले की 650 वॉटचा येतो." लहानपणी आईने माझे सगळे शर्ट वाढत्या अंगाचे शिवले होते. आता माझा कॉम्प्युटरही वाढत्या अंगाचा शिवला जात होता.

एकाच जागी आम्ही काटकसर केली. इंटेलच्या आय-फाइव्ह 12400 ला पुढे 'एफ' अक्षर लागलं तर तो स्वस्त पडतो. दोनेक हजार वाचले. एफ म्हणजे काय, तर त्या प्रोसेसरच्या पोटात स्वतःचं ग्राफिक्स नसतं. आपल्याकडे कार्ड असताना ते हवंय कशाला? मी खूश झालो. हे एफ लक्षात ठेवा.

दुसऱ्या शनिवारी, म्हणजे बँकेला सुट्टी म्हणून, आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं स्वच्छ लिहिलेलं आहे. लॉर्ड लॅमिंग्टन 1907 साली मुंबईचं गव्हर्नरपद सोडून गेले. पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर कोणालाही विचारा, तो लॅमिंग्टनकडेच बोट दाखवतो. दुकानं एवढीएवढीशी. काउंटरच्या अलीकडे आठ गिऱ्हाइकं, पलीकडे तीन पोरं, आणि वर पोटमाळ्यावर एक अदृश्य माणूस. खालून नाव पुकारलं की वरून खोका पडतो आणि पोरगा तो झेलतो. तीस हजारांचं कार्ड झेलताना बघून माझ्या पोटात खड्डा पडला.

एका दुकानात सेकंडहँड कार्डही दाखवलं. "घरगुती वापर आहे, साहेब." चिन्मयने ते उलटंसुलटं करून पंख्यांच्या मागे टॉर्च मारला आणि मला बाहेर ओढलं. 2022 च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे अशा कार्डांवर ते चलन कमावणं, बंद झालं, तेव्हा महिनोन्‌महिने रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली म्हणे. तेव्हापासून प्रत्येक जुनं कार्ड घरगुतीच असतं. एकाच आजीने वापरलेलं.

पुढच्या दुकानात सगळं एकत्र मिळालं. मालक कॅल्क्युलेटर दाबत होता. बिल हवं का, असं त्याने हळूच विचारलं. मी बँकेचा माणूस. पक्कंच घेतलं, त्यामुळे सगळ्यावर अठरा टक्के जीएसटी. शेवटचा आकडा त्याने कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवून दाखवला. तोंडाने उच्चारला नाही. 84,300. डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात ना, तसं वाटलं. "खोके टाकू नका हं," तो म्हणाला. "तीन वर्षं वॉरंटी आहे."

टॅक्सीने डोंबिवली गाठायला काय लागलं असतं ते चिन्मयने फोनवर बघितलं आणि आम्ही लगेजच्या डब्यात चढलो. दादरला पूल ओलांडून पुन्हा लगेजचाच डबा. केबिनेटचा खोका माझ्या मांडीवर. त्यावर चित्र होतं: दोन बाजूंनी काच आणि आत निळे-गुलाबी दिवे. शेजारी रिकाम्या पाट्या घेऊन एक कोळीण मावशी बसल्या होत्या. मुलुंडपर्यंत त्या चित्राकडे बघत होत्या.

"मासं पालायचं हाय का?"

"नाही हो मावशी, कॉम्प्युटर आहे."

"याला फिशटँक केबिनेटच म्हणतात, मामा," चिन्मयने उगाच ज्ञान पाजळलं.

"केवढ्याला?"

"साडेचार हजार."

"आन् आत?"

"आत काही नाही. रिकामा."

मावशींनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि काही न बोलता आपली पाटी जरा सरकवून मला जागा करून दिली. संकटात सापडलेल्या माणसाला देतात तशी.

रात्री जेवणं झाल्यावर जमिनीवर चादर अंथरून जोडणी सुरू झाली. प्रोसेसरवर चिन्मयने वाटाण्याएवढी पांढरी पेस्ट ठेवली. आईने विचारलं, "गंध लावताय का?" उष्णता पंख्याकडे नीट जावी म्हणून ती लावतात, हे मी समजावून सांगितलं. "एवढ्याशाने काय होतंय? जरा बरी लाव," आई म्हणाली. तिला सगळीकडे तूप वाढायची सवय आहे. कार्ड खाचेत बसताना जो 'कट्' आवाज झाला, तो ऐकून चिन्मय म्हणाला बसलं, आणि मला वाटलं मोडलं.

बारा वाजून दहा मिनिटांनी बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, मुलीने टाळ्या वाजवल्या. मॉनिटर मात्र काळाकुट्ट. 'नो सिग्नल'.

रॅम काढून परत बसवली. एक काडी काढून बघितली, दुसरी काढून बघितली. कार्ड काढलं, फुंकर मारली, लावलं. पॉवर सप्लायच्या वायरी मोजल्या. चिन्मयचा चेहरा उतरत चालला होता. दोन वाजता तो हळूच म्हणाला, "मामा, मदरबोर्ड गेला असेल." मी भिंतीला टेकून मनातल्या मनात 84,300 ला बारा महिन्यांनी भागत होतो.

बायको पाणी प्यायला उठली. बाटली हातात घेऊनच तिने कॉम्प्युटरच्या मागे डोकावून बघितलं.

"यातलं तीस हजारांचं कुठलं?"

मी कार्ड दाखवलं.

"मग टीव्हीची वायर ह्या वरच्या भोकात का? तीस हजारांच्या वस्तूला काहीच लावलेलं नाही तुम्ही."

मॉनिटरची केबल आम्ही मदरबोर्डला लावली होती. तिथे भोक असतं, पण आमचा प्रोसेसर एफ असल्यामुळे त्या भोकामागे कोणी नसतं. चिन्मयने केबल काढून कार्डाला लावली. चित्र आलं. "झोपा आता," म्हणून बायको आत गेली. दोन हजार कुठे वाचवले होते, ते तेव्हा कळलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी ऑफिसात, सोसायटीत, दूधवाल्यालासुद्धा सांगत होतो की 144 हर्ट्झ म्हणजे काय लोण्यासारखं चित्र असतं. सोळाव्या दिवशी चिन्मयने सेटिंग उघडलं. मॉनिटर पहिल्यापासून साठवरच चालत होता.

पण गाडी पळते आहे. पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यात दुकानांचे दिवे उलटे दिसतात, मी वळणावर ब्रेक मारतो, आणि नेमकं तेव्हाच मागून आवाज येतो, "अहो, पानं वाढलीत."

गेल्या रविवारी ती पानं वाढल्यावरही बसली नाही. किराणाच्या वहीत काहीतरी लिहीत होती. "आपल्या मिक्सरचं बघायला हवं," ती म्हणाली. मी तोंड उघडलं, पण आठव्यांदा ते वाक्य बाहेर आलं नाही.

"पाचशे वॉटचा बघितला मी," ती म्हणाली. "पण अजून दोन हजार घातले की साडेसातशेचा येतो. पुढे इडलीचं पीठ जास्त काढायचं झालं तर?"

"साडेसातशे कशाला? आपण माणसं चार."

"आणि भांडीही मोठी बघायला हवीत ना? मोटर मोठी आणि भांडं लहान, म्हणजे मग ते तुमचं काय ते… बॉटलनेक."

आतल्या खोलीत माझी गाडी कुठल्याशा वळणावर उभी होती. कार्डाचे पंखे घोंघावत होते. मी ताटावरून न उठताच विचारलं, "पाचशेचा वीज कमी खातो का?"