रामसर कुठल्या मजल्यावर बसतात?

मी एजीएमला, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेला, गेले नव्हते म्हणून कमिटीत निवडून आले, हे आधीच सांगून टाकते. आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला, चार मजली, जिन्यात चढताना डोक्यावर प्लास्टरच्या खपल्या पडतात. रिडेव्हलपमेंटला एकदाचा बिल्डर मिळाला आणि त्याच्या वकिलाने मागचं डबकं बघून विचारलं, "हे वेटलँड, म्हणजे पाणथळ जागा, तर नाही ना?" झालं, सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

डबकं म्हणजे फार तर दोन बॅडमिंटन कोर्टांएवढं. पावसाळ्यात बेडूक आणि एक बगळा (हा मेंटेनन्स भरल्यासारखा रोज येतो), मे महिन्यात तिथेच पोरांचं क्रिकेट.

पहिल्या ऑफिसात खिडकीतले साहेब मान वर न करता म्हणाले, "रामसरमध्ये येतंय का बघा आधी." मी म्हटलं, "बरं, ते कुठल्या मजल्यावर बसतात?" मागचा माणूस एवढ्या जोरात हसला की साहेबांनी शेवटी मान वर केली. रामसर हे इराणमधलं गाव निघालं, पाणथळ जागांचा करार 1971 साली तिथे झाला म्हणून त्या यादीला ते नाव. आपली ठाण्याची खाडी 2022 मध्ये यादीत गेली. म्हणजे बघा, खाडीतल्या फ्लेमिंगोंकडे थेट इराणच्या नावाचा कागद आहे आणि आमच्या बिल्डिंगला अजून ओसी (राहायला परवानगीचा दाखला) नाही.

मग रात्री जागून पाणथळ जागांचे 2017 चे नियम वाचले. रामसरमधल्या आणि सरकारने नोटिफाय केलेल्या जागांना लागू, इथपर्यंत ठीक. पुढे पाणथळ कशाला म्हणायचं नाही त्याची यादी: नदीचं पात्र नाही, भातशेती नाही, मिठासाठी केलेली जागा नाही. मला एकदम हुरूप आला, कारण पाटीलकाका नेहमी सांगतात इथे मिठागर होतं. सकाळी त्यांना गाठलं तर काकू आतून ओरडल्या, "कसलं मिठागर, भातखाचरं होती, मी लग्न होऊन आले तेव्हा चिखल तुडवत आले!" दोघं अर्धा तास भांडले, मला काय, दोन्हीकडून फायदाच होता. पण वकील म्हणाला, कागद दाखवा. कागदावर ना मीठ ना भात.

दुसऱ्या ऑफिसात तिसरंच. जागा सीआरझेडमध्ये, म्हणजे समुद्र-खाडीकाठच्या बंधनाच्या पट्ट्यात, असेल तर हे नियम लागतच नाहीत म्हणे. मी सुटकेचा श्वास टाकणार तेवढ्यात पुढचं वाक्य, "मग सीआरझेडचे लागतील." एका सासूच्या हातून सुटून चुलत सासूकडे.

आणि समजा पाणथळ निघालंच तर पुराच्या पातळीपासून 50 मीटरच्या आत पक्कं बांधकाम नाही. चालतं फक्त काय, तर बोटीचा धक्का! (हे चेअरमनना सांगितलं, त्यांनी पार्किंगला धरता येईल का विचारलं.) तर ही पातळी कुठून आणायची? तळमजल्यावरच्या सावंतकाकूंच्या भिंतीवर आहे. दाराच्या चौकटीशेजारी मुलांच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा, संजू पाच वर्षं, संजू सहा वर्षं, आणि त्याच्या वर निळ्या बॉलपेनने "पाणी, 26 जुलै 2005". त्या वर्षी संजू हरला. तीन वेळा रंग काढला पण तेवढी पट्टी काकूंनी रंगवू दिली नाही. मी मोबाईलवर फोटो काढून ऐटीत घेऊन गेले तर साहेब म्हणाले, "मॅडम, पातळी नियम लागू झाल्याच्या आधीच्या दहा वर्षांतली धरतात. 2017 वजा 10. तुमचा पूर बसत नाही." अख्खी मुंबई ज्यात बुडाली तो पूर दोन वर्षांनी हुकला! काकूंना अजून सांगितलेलं नाही.

शेवटी मे मध्ये एक सर्व्हेवाले आले. डबक्यात उभे राहिले, पोरांनी त्यांना मिडऑनला सरकायला सांगितलं. "पाणी कुठेय? पावसाळ्यात बघायला लागेल," म्हणाले आणि सरबत पिऊन गेले.

जुलैत तारीख ठरली. मी सकाळपासून छत्री, फाईल, पोहे सगळं तयार ठेवून बसले. साडेअकराला फोन, "मॅडम, आज जमणार नाही हो, स्टेशनबाहेरच अडकलोय, इकडे गुडघाभर पाणी आहे."

मी म्हटलं, "मग आता आहातच तर तिथलं तरी मोजून घ्या."

त्यांनी फोन ठेवला.