भिंतीला पोट सुटलं

आमचं घर ओहायोत, क्लीव्हलँडच्या जवळ, १९५६ सालचं. घेताना जो तो सांगत होता की जुनी घरं दणकट असतात. दणकट आहेच, पण सरळ आहे असं कोणी म्हणालं नव्हतं.

दिवाळीच्या फराळाचे डबे ठेवायला बेसमेंटमध्ये रॅक सरकवला तर मागे ब्लॉकच्या भिंतीला ही लांबलचक आडवी भेग, बरोबर माझ्या पोटाच्या उंचीवर. बायको म्हणाली पुट्टी भरून टाक, पाहुणे यायचेत. आईला सांगलीला व्हिडिओ कॉल लावला तर ती चष्मा पुसून म्हणाली, "अरे भेगेचं काय घेऊन बसलास, भिंतीला पोट आलंय. ओळंबा लाव. आणि पन्हळीचं पाणी कुठं पडतं ते बघ आधी."

पन्हळीचं मी अर्थातच ऐकलं नाही. ओळंबा कुठून आणणार, म्हणून वरच्या जॉइस्टला (छताच्या लाकडी तुळईला) दोरी बांधून खाली पाना लटकवला. दोरी वरती भिंतीपासून तीन इंच आणि मध्ये पावणेदोन. म्हणजे पोट सव्वा इंच!

कॉन्ट्रॅक्टर आला, टॉर्च मारला आणि म्हणाला "युवर वॉल इज बोइंग". तो म्हणत होता भिंत आत वाकतेय (bowing), मला वाटलं विमानाचं काहीतरी बोलतोय, आणि पुढच्याच वाक्याला म्हणाला कार्बन फायबर लावू, मग तर खात्रीच पटली, कारण बोइंग ७८७ चं निम्मं वजन त्याच जातीच्या मटेरियलचं असतं हे मी कुठेतरी वाचलेलं.

पण आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावला (हे मात्र सगळ्यांनी करा, भिंत बघायला येणारा प्रत्येक जण काहीतरी विकायलाच आलेला असतो). तो म्हणाला दोन इंचांच्या आत आहे म्हणून कार्बन फायबरच्या पट्ट्यांवर भागेल, जास्त असतं तर लोखंडी बीम नाहीतर बाहेरून खोदकाम. इथली चिकणमाती आपल्या काळ्या मातीचीच बहीण, पाणी पिऊन फुगते, वर थंडीत गोठते आणि भिंतीला आत ढकलते. ब्लॉकची भिंत दाबाला भारी पण ताणाला कच्ची, त्यामुळे आतली बाजू ताणली की उकलते. तो ताण कार्बन फायबर घेतं.

"मग भिंत सरळ होणार ना?" मी विचारलं.

"नाही. आहे तेवढंच राहील, पुढे वाढणार नाही."

बायकोने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि त्याला विचारलं, ही पट्टी माणसांसाठी मिळते का.

कामाच्या दिवशी खरी मजा. पट्टी चिकटायला रंग पूर्ण खरवडून कोरा ब्लॉक लागतो, म्हणून दोन माणसं मास्क लावून ग्राइंडर घेऊन बसली. प्लास्टिकचे पडदे लावले, व्हॅक्यूम लावला, तरी ती पांढरी धूळ जिना चढून वर आली आणि चकल्यांच्या डब्यात सापडली. मग इपॉक्सीचे, म्हणजे त्या चिकट गोंदाचे, दोन डबे एकत्र घोटले की झाली पळापळ, ते घट्ट व्हायच्या आत लावायचं, तव्यावर पोळी टाकून फोन घेतल्यासारखं. भिंतीला इपॉक्सी, त्यावर वीतभर रुंद काळी पट्टी, वरून पुन्हा इपॉक्सी आणि रोलर फिरवून आतली हवा काढायची. दर चार फुटांवर एक, अशा आठ पट्ट्या. वरचं टोक लाकडाला ब्रॅकेटने पकडलं, नाहीतर मधला भाग जागेवर राहायचा आणि माथा सरकायचा. बिल बघून वाटलं एवढ्यात सगळे सांगलीला जाऊन आलो असतो, दोनदा.

निघताना इंजिनिअरने बाहेर चक्कर मारली आणि पन्हळीचा पाइप दाखवला. सगळ्या छताचं पाणी थेट त्याच भिंतीच्या मुळाशी! दहा फूट लांब पाइप जोडला, किंमत म्हणाल तर एका पिझ्झाची. हे आईला अजून सांगितलेलं नाही.

आता भिंतीला पांढरा रंग दिलाय. बायकोने कोपऱ्यात पेन्सिलने तारीख घालून "सव्वा इंच" लिहिलंय आणि शेजारी माझ्या कंबरेचं माप. दर महिन्याला दोन्ही मोजते. भिंतीचा आकडा अजून तोच आहे.