चावी चिकटते का बघा

अनोळखी माणसाने भर गिटारच्या दुकानात "तुम्हाला पिकअप नको, मास्तर हवा" असं सुनवावं आणि दुकानातल्या पोराने आपली बाजू घ्यायची सोडून गालातल्या गालात हसावं, हा प्रसंग अजून ताजा आहे. राग गेलेला नाही, म्हणून लिहून मोकळा होतो.

पिकअप म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखालचा चुंबक आणि कॉइलचा डबा, तारेची थरथर विजेत बदलणारा. माझ्या गिटारवर सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचा. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज खरखरीत करणारा इफेक्ट, चालू केलं की आधी घूंऽऽ आणि सूर मागाहून. आसपासच्या विजेची गुणगुण कॉइल इमानेइतबारे पकडते आणि अ‍ॅम्प ती सगळ्या घराला ऐकवतो. यावरचा उतारा गिब्सनमधल्या सेथ लव्हर नावाच्या इंजिनियरने काढला आणि 1955 साली पेटंटला अर्जही टाकला. कॉइली दोन, एकीची गुंडाळी उलटी, चुंबकाचं टोकही उलटं. बाहेरची गुणगुण दोघींत मिळून मरते, तारेचा आवाज मात्र जोडीने बाहेर येतो. हाच हंबकर. मला तो ब्रिजच्या, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात त्या पट्टीच्या, बाजूला हवा होता, जरा तापट स्वभावाचा. एवढीच मागणी.

पोराने दोन डबे काउंटरवर ठेवले. एक पॅसिव्ह, सिरॅमिक चुंबकाचा. दुसरा अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आत आवाज वाढवणारा छोटा प्रीअ‍ॅम्प आणि त्याला नऊ व्होल्टची बॅटरी. मी डब्यावरची बारीक अक्षरं वाचतोय तोच शेजारून एक हात आला. हातात चाव्यांचा जुडगा.

हात बाकावर बसलेल्या एका काकांचा होता. आले होते अकूस्टिक गिटारच्या तारा बदलून घ्यायला. इलेक्ट्रिक गिटारला आजवर हात लावलेला नाही, हे पुढे त्यांनीच सांगितलं, आणि तेही प्रमाणपत्र दाखवावं अशा थाटात. जुडग्यातून त्यांनी कपाटाची एक लांबुडकी, गंजाचे डाग पडलेली लोखंडी चावी निवडली आणि पॅसिव्ह पिकअपच्या स्क्रूंवर टेकवली. टक्. चावी तिथेच उभी राहिली.

"पॉवर आहे," काका म्हणाले.

मग अ‍ॅक्टिव्हवर टेकवली. चावी घसरली आणि काउंटरवर पडली.

"ह्यात जीव नाही. आत ठेवून दे रे," हे पोराला. गिऱ्हाईक मी.

मी समजावायला गेलो. तेवढी अक्कल असती तर गप्प बसलो असतो, पण विषय आवडीचा. म्हटलं, काका, त्यातलं चुंबक मुद्दामच मवाळ असतं, उरलेला जोर प्रीअ‍ॅम्प लावतो. उलट चुंबक फार जोरकस असलं तर ते तारेलाच ओढून धरतं आणि सूर लवकर विरतो.

"बॅटरी संपली की?"

"बदलायची."

"वाजवता वाजवता संपली की?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. केबल खोचून ठेवली तर न वाजवताही बॅटरी संपते, हे तर मी बोललोच नाही. प्रश्न मूर्खासारखा असता तर बरं झालं असतं.

"वाजवा बघू काहीतरी."

का कोण जाणे, वाजवलं. भिंतीवरची गिटार घेतली, जाड तारेवर तळवा दाबला आणि खाडखाड सुरू केलं. काका डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, दाद येतेय. डोळे उघडून त्यांनी ते मास्तरांचं वाक्य टाकलं आणि वर पुरवणी जोडली, "आवाज बोटांत असतो."

हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याला मला एकदा भेटायचंय. बोटांतच असतो तर अ‍ॅम्प कशाला, वीज कशाला, काउंटर तरी कशाला? मी चिडून ब्लॅक सॅबथ बँडच्या गिटारिस्टला, टोनी आयोमीला, मध्ये आणलं. म्हटलं, पत्र्याच्या कारखान्यात त्या माणसाच्या दोन बोटांची टोकं गेली. टोकांवर प्लास्टिकच्या टोप्या चढवून वाजवायला लागला, आणि 1970 साली ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम आला. हेवी मेटलची सुरुवात लोक तिथून धरतात. कुठे आहेत बोटं?

"गिटारवर पिकअप कुठला होता?"

"पी-नाइन्टी," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच माझ्या लक्षात आलं.

"म्हणजे तुमचा तो हंबकर?"

"नाही. सिंगल कॉइल."

"तुमच्याकडे आहे तोच प्रकार."

"हो."

"आणि तुमची बोटं?"

"सगळी आहेत."

"मग?"

पोरगा तेव्हा हसला.

तो हसला याचं दुःख आहेच, पण त्याहून मोठं दुःख असं की पिकअप हा कानाचा माल डोळ्यांनी घ्यावा लागतो. लावून बघायची सोय नाही. लावायचा म्हणजे सोल्डर करायचा, एकदा वायर कापली आणि डाग दिला की परत कोण घेणार? म्हणजे चष्मा डोळ्याला न लावता त्याचा नंबर ठरवण्यापैकी आहे. मग माणसं किलो-ओमच्या आकड्याला लोंबकळतात. आठ म्हणजे सौम्य, सोळा म्हणजे जहाल. तो आकडा वायरच्या रेझिस्टन्सचा. नुसती बारीक वायर वापरली तरी तो फुगतो. त्यावर आवाज जोखायचा तर चावी काय वाईट? वर वायरींचे रंग. सीमर डंकनमध्ये काळी गरम, म्हणजे सिग्नलची, डिमार्झिओमध्ये लाल. हिरवी दोघांकडे ग्राउंड, एवढ्यावर कसंबसं एकमत झालेलं दिसतं. बसून एकच तक्ता करायला काय जातं यांचं? रात्री हातात तापलेली सोल्डरिंग आयर्न घेऊन, तोंडात टॉर्च धरून रंग जुळवत बसणाऱ्याचा विचार कुणी करत नाही. रंग चुकला हे कळतं कधी? सगळं बंद करून, तारा चढवून, ट्यून करून झाल्यावर.

असो. पॅसिव्ह घेतला. अ‍ॅक्टिव्हसाठी आवाजाच्या बटणांखालची 500 किलो-ओमची पॉट्स काढून 25ची बसवा, बॅटरीला लाकडात जागा कोरा, हे लचांड नको म्हणून मी घरूनच तसं ठरवून आलो होतो. घरूनच. चावीचा काडीचा संबंध नाही. पण पैसे देताना काका पोराला म्हणाले, "बघितलंस? सांगितलेलं ऐकणारी माणसं आहेत अजून."

खुलासा करायला तोंड उघडलं, पण मागे माणसं उभी होती. मी दाराशी पोचेस्तोवर काकांनी पुढच्या गिऱ्हाइकाच्या डिस्टॉर्शन पेडलला चावी लावलेली होती. पेडलचा डबा अ‍ॅल्युमिनियमचा. जन्मात चिकटणार नव्हती. मी काही बोललो नाही.