अक्षर कॅज्युअल पाहिजे

पुतणीचं लग्न ठरलं आणि पत्रिकेचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी गिरगावात राहतो. गिरगावकराला छपाईतलं सगळं कळतं, असा आमच्या डोंबिवलीकरांचा पक्का समज आहे.

तिची अट एकच. "काका, अक्षर कॅज्युअल पाहिजे. कुणीतरी सहज हाताने लिहिल्यासारखं."

"मग मीच लिहितो की."

"नको. तुमचं खरंच हाताने लिहिल्यासारखं दिसतं."

तिने मोबाइलवर एक झोकदार कर्सिव्ह फॉन्ट दाखवला. तो डीटीपीवाल्याने उघडला, मराठी नावं टाकली, तर पडद्यावर चक्क विंडोजमधला 'मंगल' फॉन्ट अवतरला. फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नव्हती, म्हणून संगणकाने परस्पर बदली खेळाडू उतरवला होता. बरोबरच आहे म्हणा. इंग्रजी कर्सिव्ह अक्षरं पायाशी एकमेकांना धरून चालतात. आपली शिरोरेषेला लटकतात, विरार लोकलच्या दांडीला लटकावं तशी. इकडचं वळण तिकडे कसं चालणार?

मग त्याने 'कलम' नावाचा फॉन्ट काढला. यात देवनागरी आणि रोमन दोन्ही हाताने लिहिल्यासारखी, शिवाय फुकट. मला तिथेच पसंत. पुतणी मात्र भिंगातून बघावं तसं बघत म्हणाली, "सगळे 'श्री' अगदी सेम टू सेम आहेत. हाताने लिहिताना असं होतं का?" मुद्दा खरा होता. काही महागड्या फॉन्टांत एकाच अक्षराची दोन-तीन रूपं भरलेली असतात आणि ती आलटून पालटून येतात. म्हणजे अक्षर गचाळ येण्याचे पैसे वेगळे. शाळेत याच गोष्टीसाठी मी पट्टी खाल्ली आहे.

अण्णांनी मध्येच मोडीचा आग्रह धरला. आधी ओळभर रेघ ओढायची आणि बोरू शक्यतो न उचलता लिहीत सुटायचं. यापेक्षा कर्सिव्ह ते काय असणार? २०१४पासून मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांच्या सामाईक अक्षरयादीतही आहे. शिवाय हॉलचा पत्ता कुणालाच वाचता आला नसता, म्हणजे केटररचं बिल निम्म्यावर. मला हा विचार मनापासून आवडला होता, पण वहिनींनी तो चहाबरोबर संपवला.

डीटीपीवाला शहाणा माणूस. म्हणाला, "नावं तेवढी कर्सिव्हमध्ये ठेवा, मोठी. पत्ता, तारीख, मुहूर्त साध्या टायपात. बारीक अक्षरात ही वळणं एकमेकांत घुसतात." मी मान डोलावली. पण मुलाकडच्यांना सगळं एकसारखं हवं होतं, आणि तेही आणखी लपेटदार फॉन्टमध्ये. मुलाकडचे म्हटल्यावर विषय संपला.

मुहूर्त सकाळी ९ वाजून ११ मिनिटांचा होता. त्या फॉन्टातल्या ९ आणि १मध्ये फरक फक्त शेपटीच्या तोऱ्याचा. बोरिवलीच्या मावशी बरोबर १ वाजून ११ मिनिटांनी पैठणी सावरत आल्या, आहेराचं पाकीट दिलं आणि थेट पंगतीत बसल्या. जिलबी वाढून घेता घेता म्हणाल्या, "पत्रिका मात्र छान काढलीत हो. किती सुटसुटीत अक्षर!"