आधी घर की आधी नळ?

निर्वासितांच्या छावण्यांवरून विषय पेटला. नंदूचं म्हणणं सरळ होतं, पक्की घरं बांधून द्या, छावणीचं गाव होईल.

"घर नंतर," सुलभाताई म्हणाल्या. "आधी नळ. 20 हजार माणसं, माणशी 20 लिटर म्हणजे रोज 4 लाख लिटर. दहा हजार लिटरचे 40 टँकर, तेही कायम. मदतीचा ओघ आटला की टँकर बंद. जॉर्डनमध्ये झातारीच्या छावणीत शेवटी घरोघर पाइप न्यावेच लागले."

"सार्वजनिक नळ लावा की."

"हिशेब कर. 250 माणसांमागे एक नळ, मिनिटाला साडेसात लिटर. सगळ्यांचे 20 लिटर भरायला तो 11 तास सलग वाहायला हवा, आणि त्यात हंडे बदलायचा वेळ धरलेलाच नाही. सौर पंप धड चालतो तो सहा-सात तास. म्हणून उंचावर टाकी लागतेच. तळापासून 10 मीटर उंची मिळाली की साधारण एक बार दाब येतो. पण पैसे वाचवायला बारीक पाइप टाकला की दाब वाटेतच मरतो. शेवटच्या गल्लीत थेंब नाही, आणि शेवटची गल्ली बहुतेक वेळा मागाहून आलेल्यांची. भांडणं तिथूनच."

"पाणी आलं, पण पोट?" फारूकनं विचारलं. "युगांडात बिडी बिडीच्या निर्वासित वसाहतीत कुटुंबामागे 30 बाय 30 मीटरचा तुकडा दिला. हेक्टरी 2 टन मका धरला तरी हंगामाला 180 किलो. पाच माणसं, रोज 400 ग्रॅम, 90 दिवसांत कोठार रिकामं. तिथं तगायला मदत होते ती निर्वासितांसाठीच्या 2006 च्या कायद्याची. काम करता येतं, फिरता येतं."

केनियातलं कालोबेयेई तर 2016 पासून निर्वासित आणि स्थानिक तुर्काना लोक एकत्र राहतील अशाच हिशेबानं वसवलं. धान्याच्या पोत्याऐवजी मोबाइलवर रक्कम मिळाल्यानं दुकानं उभी राहिली. पण बाहेर पडायला परवाना लागायचा. मग दुकानदारानं शहरातून माल आणायचा कसा? नंदू इथं जरा गप्प झाला.

शेजारच्या गावाचं काय, हा प्रश्न मात्र कुणीच टाळला नाही. छावणीत दवाखाना आणि गावातली बाई मैलभर पाणी वाहते, असं असेल तर गाव तुम्हाला सामावून घेणार नाहीच. युगांडात मदतीतला 30 टक्के वाटा स्थानिकांसाठी ठेवायचं धोरण आहे. फारूकच्या मते तोही कमीच.

शेवटी गाडी अडली पाणीपट्टीवर. ताईंचं म्हणणं, माणशी पहिले 15 लिटर फुकट, पुढं मीटर, दोन्हीकडच्यांना एकच दर. नाहीतर पंपाचा सुटा भाग आणायला पैसा उरत नाही आणि पंप पहिल्या बिघाडालाच कायमचा बसतो. ज्याला कामाची परवानगी नाही त्याच्याकडून पट्टी घेणं अन्याय आहे, असं नंदू म्हणाला. मला त्याचं पटलं. कामाचा परवाना हातात पडेपर्यंत मीटरचं बिल मदतनिधीतूनच भरायला हवं.