आर्चर चालत गेला नव्हता

नोव्हेंबरचा पहिला मंगळवार जवळ आला, की ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक पोस्ट हमखास फिरू लागते. ती थोडक्यात अशी : मेलबर्न कप ही घोड्यांची शर्यत १८६१ साली पहिल्यांदा झाली. ती जिंकणारा आर्चर न्यू साउथ वेल्समधल्या एका खेड्यातला, शेतावरचा साधा घोडा. त्या काळी दुसरं साधनच नव्हतं, म्हणून तो जॉनी कट्स नावाच्या मूलनिवासी पोरासोबत आठशे किलोमीटर चालत मेलबर्नला आला आणि आल्या आल्या शहरातल्या श्रीमंतांचे घोडे मागे टाकून जिंकला. खाली जोडलेले हात आणि ‘जिद्द असेल तर काहीही शक्य आहे’.

गेल्या वर्षी माझ्या भाचीने शनिवारच्या मराठी शाळेत ह्याच गोष्टीवर निबंध लिहिला. तो तिने मला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवला. तिला मी तेव्हा काही बोलले नाही, पण घरी येऊन जुनी वर्तमानपत्रं चाळत बसले. ही गोष्ट खोटी आहे, एवढ्यापुरतं माझं दुखणं नाही. हा घोडा ज्या गावातून निघाला, त्या गावाचं सगळं जगणंच ह्या गोष्टीत पुसून टाकलंय. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘त्या काळी दुसरं साधनच नव्हतं.’

सगळी गोष्ट ह्या वाक्यावर उभी आहे, आणि तेच सगळ्यांत चुकीचं आहे.

आर्चरचा तबेला होता टेरारा गावात. सिडनीच्या दक्षिणेला शोलहेवन नदी समुद्राला मिळते, तिथे नदीच्या दक्षिण काठावर हे गाव आहे. आज शेजारचं नावरा मोठं झालंय आणि टेरारात उरलीत ती मोजकी जुनी घरं. १८६० च्या सुमाराला मात्र ह्या भागातलं मुख्य गाव तेच होतं. नदीचा गाळ सुपीक, त्यामुळे मका आणि बटाटा भरपूर. गाई होत्या म्हणून लोणी, आणि लोणी काढल्यावर उरणाऱ्या ताकावर वाढवलेली डुकरं. हा माल विकायचा कुठे? सिडनीला. आणि न्यायचा कसा? पाण्यातून.

किनाऱ्याला समांतर डोंगराची भिंत आहे. बैलगाड्यांचे रस्ते होते, पण पावसाळी दिवसांत चाकं आसापर्यंत रुतायची. म्हणून ह्या किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याने पहिल्यापासून तोंड समुद्राकडे केलं. शोलहेवनच्या मुखाशी वाळूचा दांडा होता, तिथे गलबतं फुटायची. त्यावर तोडगा म्हणून अलेक्झांडर बेरी ह्या जमीनदाराने १८२२ मध्येच शेजारच्या क्रुकहेवन नदीपर्यंत छोटा कालवा खणून घेतला. ऑस्ट्रेलियातला तो पहिला कालवा मानतात. १८५८ मध्ये इलावारा स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. तिच्या आगबोटी किनाऱ्यावरच्या एकेका धक्क्याला लागत सिडनीला जायच्या. लोकांनी तिला नाव पाडलं होतं ‘पिग अँड व्हिसल’, कारण डेकवर डुकरं आणि वर भोंगा.

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. घाट उतरून येणारा रस्ता असला, तरी आंब्याची पेटी आणि चाकरमानी मुंबईला जायचे बोटीनेच. टेरारातही तेच होतं. जाताना लोण्याची पिंपं आणि बटाट्याची पोती, येताना नांगराचे लोखंडी भाग, खिळे, बियाणं, पीठ, चहा, साखर, घोड्यांचे नाल.

डोंगरावर, आर्चरचा जन्म झाला त्या ब्रेडवुड भागातही समुद्राचीच ओढ होती. तिथल्या मेंढपाळांनी १८४० च्या सुमाराला कैद्यांच्या मजुरीतून एक वाट जर्व्हिस बेच्या किनाऱ्यापर्यंत उतरवली. ती कशासाठी, हे तिच्या नावातच आहे : वूल रोड, लोकरीचा रस्ता.

अशा गावाबद्दल ‘दुसरं साधनच नव्हतं’ म्हणणं म्हणजे रत्नागिरीला बंदर नव्हतं म्हणण्यासारखं आहे. नव्हती ती फक्त रेल्वे. सिडनी आणि मेलबर्नकडचे रूळ सरहद्दीवर एकमेकांना भेटले ते थेट १८८३ मध्ये. पण ह्या दोन शहरांमध्ये आगबोटी नियमित धावत होत्या, आणि तो प्रवास दोन-तीन दिवसांचा होता.

‘तो चालतच आला, सगळ्यांना माहीत आहे.’

मग १८६१ सालच्या वर्तमानपत्रांना ते माहीत नव्हतं. आर्चर सप्टेंबर महिन्यात सिडनीहून आगबोटीने मेलबर्नला गेला. बरोबर त्याला तयार करणारा एटियेन द मेस्त्र होता, आणि त्याच पागेतले एक्सेटर आणि इनहेरिटर असे आणखी दोन घोडे. १८६२ आणि १८६३ मध्येही आर्चर मेलबर्नला बोटीनेच गेला.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रं ‘ट्रोव्ह’ ह्या संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत. त्यातलं जहाजांच्या ये-जा नोंदींचं सदर प्रत्येकाने एकदा उघडून पाहावं. बारीक, दाटीवाटीचा छाप. बोटीचं नाव, कुठून आली, कप्तान कोण, आणि मग माल : लोण्याची इतकी पिंपं, बटाट्याची इतकी पोती, इतकी डुकरं, वासरं, कोंबड्या, अंड्यांच्या पेट्या, इतके घोडे. सगळं एका दमात, स्वल्पविराम देत देत. मी तासभर तेच वाचत होते. एका तालुक्याचं पोट कशावर चालतं ते चार ओळींत दिसतं. घोडा त्या यादीत नेहमीचा आहे. त्याचं बोटीत असणं ही तेव्हा बातमीसुद्धा नव्हती.

‘शर्यतीचा घोडा कोणी बोटीत घालेल का? तो आजारीच पडेल.’

घालत होते, आणि ह्याहून कितीतरी लांब नेत होते. ह्याचा तर थेट आपल्याशी संबंध आहे. न्यू साउथ वेल्सचे घोडे हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेला पुरवले जायचे. त्यांना ‘वेलर’ म्हणत, कारण ते न्यू साउथ वेल्समधून आलेले. १८४० च्या दशकापासून हा व्यापार जोरात होता. कित्येक आठवडे समुद्रावर काढून हे घोडे मद्रास, कलकत्ता आणि मुंबईच्या बंदरांत उतरायचे. काही मरायचे, हे खरं. पण व्यापार पिढ्यान् पिढ्या चालला, तो घोडे जिवंत पोहोचत होते म्हणूनच.

बोटीत घोडा चढवायची पद्धत ठरलेली होती. एक तर फळीवरून हळूहळू चालवत न्यायचा, नाही तर पोटाखालून जाड कॅनव्हासचा पट्टा घालून यारीने उचलायचा. चारही पाय हवेत लोंबकळतात आणि बिचारा घोडा गप्प होतो. वर डेकवर एकेका घोड्यापुरता अरुंद कप्पा, आतून गादीसारखं अस्तर लावलेला. रुंद जागा मुद्दामच देत नसत, कारण बोट हेलकावली की घोडा फेकला जाऊन पाय मोडेल. अरुंद कप्प्यात तो दोन्ही बाजूंना टेकून उभा राहतो.

आता दुसरी वाट पाहा. आठशे किलोमीटर. रोज पंचवीस-तीस किलोमीटर म्हटलं, तरी सुमारे महिना. खडकाळ घाट, नाल झिजणार, खुर दुखावणार, रोज नवं पाणी, नवा चारा. शिवाय ती बुशरेंजरांची, म्हणजे रानात लपून वाटमारी करणाऱ्यांची वर्षं. वेगवान घोडा हीच त्यांची पहिली गरज होती. ज्याच्या जिवावर पागा चालते तो घोडा कोणता शहाणा माणूस त्या वाटेला लावेल?

‘आल्या आल्या जिंकला.’

शर्यत झाली ७ नोव्हेंबर १८६१ ला, गुरुवारी. म्हणजे आर्चरला मेलबर्नची हवा, तिथलं गवत आणि ते मैदान अंगवळणी पडायला सहा-सात आठवडे मिळाले होते. घोडा तयार करणं म्हणजे हेच : रोजची दौड, मोजका दाणा, खरारा, विश्रांती. सतरा घोडे धावले. त्यातला एक उधळला, तीन पडले, त्यातले दोन मेले. दोन मैलांचं अंतर आर्चरने ३ मिनिटं ५२ सेकंदांत कापलं आणि मॉर्मन ह्या घोड्याला सहा लांबींनी, म्हणजे सहा घोड्यांच्या अंतराने, मागे टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याने टाउन प्लेट ही आणखी एक दोन मैलांची शर्यत जिंकली. हा पायी थकून आलेल्या घोड्याचा पराक्रम नाही. शांतपणे, नीट वेळ देऊन तयार केलेल्या घोड्याचा आहे, आणि माझ्या मते तोच जास्त मोठा.

‘शेतावरचा साधा घोडा, श्रीमंतांवर मात.’

आर्चर जातिवंत होता. बाप विल्यम टेल, आई मेड ऑफ द ओक्स, दोघांचीही वंशावळ लिहिलेली. जन्म १८५६ चा, ब्रेडवुडजवळच्या एक्सेटर फार्मवर. मालक जमीनजुमलावाले : रॉबर्ट्स, हॅसॉल आणि रॉइड्स घराण्यातले. द मेस्त्रने तो त्यांच्याकडून भाड्याने घेतला होता. आणि हा द मेस्त्र म्हणजे काही गावातला गरीब मोतद्दार नव्हे. त्याचा बाप प्रॉस्पर हा सिडनीतला नावाजलेला व्यापारी, आयात-निर्यातीवर मोठा झालेला. टेराराची जमीन घराण्यात आली ती बापाकडून. पुढे एटियेनने एकूण पाच मेलबर्न कप जिंकले : आर्चरचे दोन, मग १८६७, १८७७ आणि १८७८.

‘गरीब विरुद्ध श्रीमंत’ हा मसाला ह्या प्रसंगात बसत नाही. खरी चुरस होती दोन वसाहतींची, न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाची. व्हिक्टोरियाकडे सोन्याच्या खाणींचा पैसा आलेला, आणि तिकडचा कप सिडनीकडच्या घोड्याने उचलला, ही खरी ठिणगी. खेड्यातल्या छोट्या शेतकऱ्याचा शर्यतीशी संबंध नव्हता असं मात्र अजिबात नाही. गावोगाव शर्यती व्हायच्या. सपाट कुरण, दोरी बांधलेली हद्द, खानावळवाल्याने लावलेलं बक्षीस, आणि त्याच दिवशी बियाण्याचे, नांगराचे सौदेही व्हायचे. आपल्याकडच्या जत्रेत बैलबाजार आणि शर्यत एकत्र असते, तसंच. पण आर्चर त्या मैदानातला घोडा नव्हता.

‘जॉनी कट्स हा मूलनिवासी मुलगा.’

ह्या मुद्द्यावर मला लिहिताना जड जातं, कारण पोस्ट पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. शोलहेवन ही यूइन लोकांची भूमी. ती त्यांच्याकडून गेली, आणि नंतर त्याच जमिनीवर त्यांच्या माणसांनी गुरं राखली, घोडे वठणीवर आणले. त्यांच्या कष्टांची नोंद फार थोड्यांनी ठेवली. ती व्हायलाच हवी. पण आर्चरवर बसलेला जॉन कट्स तो नव्हे. त्याचं खरं आडनाव डिलन, सिडनीतल्या एका कारकुनाचा मुलगा, आणि अनेक पागांसाठी घोडे फेकणारा मुरलेला जॉकी. वयही पोराचं नव्हतं, तिशी ओलांडलेली होती. एकाच्या डोक्यावर दुसऱ्याची ओळख चिकटवून कोणाचाच मान राखला जात नाही. ज्यांनी खरोखर काम केलं ते तसेच निनावी राहतात.

‘एवढे लोक सांगतात, काहीतरी खरं असेल.’

असेल, थोडंसं. ब्रेडवुड आणि टेरारा ह्यांच्यामधला डोंगर आर्चर आपल्या पायांनीच उतरला-चढला असणार. जवळच्या शर्यतींना घोडे चालवत नेण्याची रीतच होती. अशा आठवणी दोन-तीन पिढ्यांनंतर ताणल्या जातात. १९८५ मध्ये तर ह्या पायी प्रवासावर ऑस्ट्रेलियात एक टीव्ही-चित्रपटच निघाला, मग विचारायलाच नको. ज्याने तो लहानपणी पाहिला, त्याच्या डोळ्यांसमोर आर्चर कायम रानातूनच चालतो.

पण चालण्याची गोष्ट पुढे पाठवणाऱ्यांना मी १८६३ चं विचारते. आर्चरने १८६२ चा कप पुन्हा जिंकला होता, ह्या वेळी आठ लांबींनी. चुरस राहावी म्हणून ह्या शर्यतीत चांगल्या घोड्याला जास्त वजन वाहायला लावतात. तिसऱ्या वर्षी आर्चरवर ११ स्टोन ४ पौंड वजन लादलं, म्हणजे सुमारे ७२ किलो. तरीही द मेस्त्रने घोडा उतरवायचा होकार कळवला, तोही तारेने. सिडनी आणि मेलबर्नमध्ये तारा १८५८ पासूनच होत्या. त्या दिवशी मेलबर्नला सार्वजनिक सुट्टी होती, तार हातात पडायला उशीर झाला, आणि मुदत टळली म्हणून आर्चरचं नाव कापलं. न्यू साउथ वेल्सच्या घोडेवाल्यांनी चिडून आपले घोडे काढून घेतले. त्या वर्षी जेमतेम सात घोडे धावले आणि बँकर नावाचा घोडा जिंकला.

ज्या जगात एक तार काही तासांनी उशिरा पोहोचली म्हणून दोन वसाहती भांडल्या, त्या जगाला आपण ‘साधनच नव्हतं’ असं म्हणतो आहोत. आर्चर पुढे ब्रेडवुडला, जन्मला त्याच एक्सेटर फार्मवर परतला आणि १८७२ मध्ये तिथेच मेला. भाचीने निबंध पुन्हा लिहायला घेतलाय. ह्या वेळी सुरुवात धक्क्यावर होते, लोण्याच्या पिंपांशेजारी.