"ड्यूटी पाहिजे तर अशी" म्हणे!

आज सकाळी साहेबांनी ऑफिसच्या ग्रुपवर केसी जोन्सचं रील टाकलं. अमेरिकेतला इंजिन ड्रायव्हर, 30 एप्रिल 1900 च्या पहाटे मिसिसिपीत व्हॉन स्टेशनजवळ ब्रेक धरून मेला. खाली साहेबांची ओळ, "ड्यूटी पाहिजे तर अशी!" आणि त्यावर भराभर अंगठे. डोकंच फिरलं माझं.

अरे, त्या रात्री त्याची पाळी तरी होती का? दुसरा ड्रायव्हर आजारी पडला म्हणून, एक गाडी घेऊन मेम्फिसला आलेला हा माणूस परत कँटनकडे निघाला, 188 मैल, आणि गाडी आधीच दीड तास लेट. उशीर केला दुसऱ्यांनी, भरून काढायचा यानं.

माझे बाबाही रेल्वेत ड्रायव्हर होते. रात्री अडीचला कॉलबॉय, म्हणजे ड्यूटीवर बोलवायला येणारा पोरगा, कडी वाजवायचा, वही पुढे करायचा, बाबा अर्धवट झोपेत सही करायचे आणि आई डबा करायला उठायची. तिकडेही तेच की, पोरगं येऊन दार वाजवणार, वहीत सही करा आणि चला शेडला! दिवसा आम्ही जरा ओरडलो की आई डोळे वटारायची, कारण बाबा झोपलेले.

आणि चूक झाली की बघा मजा. 1891 ला ओहायोत किप्टनला दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, का, तर एकाचं घड्याळ चार मिनिटं बंद पडून आपोआप परत सुरू झालेलं. मग नियम आले, घड्याळ आठवड्यात 30 सेकंदांच्या वर चुकता कामा नये, आणि ते महागडं घड्याळ घ्यायचं बहुतेकांनी स्वतःच्याच पगारातून.

हो, केसीच्या नावावर आधीची सस्पेन्शन्स होती, वेगाचा नाद होता, मान्य. पण व्हॉनला वळण डावीकडे, ड्रायव्हर बसतो उजवीकडे, पुढे बॉयलरचं धूड, त्याला दिसणार काय डोंबल? मालगाडीचे मागचे डबे मेन लाइनवर अडकलेले, त्यांचे लाल दिवे दिसले ते फायरमनला, म्हणजे इंजिनात कोळसा मारणाऱ्या सिम वेबला. केसीने त्याला उडी मारायला लावली आणि स्वतः थांबला. प्रवासी एकही मेला नाही. चौकशीत दोष कुणाचा? मेलेल्याचा.

बाबांना एकदा सडकून ताप होता. कॉलबॉय पायरीवरच घुटमळला, बिचारा काय करणार, तोही नोकरच. शेवटी बाबा उठले, शर्ट चढवला, गेले. मला त्या पोराचाही राग येत नाही आता. केसीला कुणी असंच विचारलं असेल ना, "जाशील का रे", आणि तो गेला.

सिम वेब वाचला. काळा होता, म्हणजे जन्मभर कोळसा मारला तरी तिकडे दक्षिणेत त्याला ड्रायव्हरची खुर्ची मिळणं जवळपास अशक्य, ड्रायव्हरांची 1863 पासूनची युनियनही फक्त गोऱ्यांची. त्याच्याबद्दल कोण बोलतंय!

1907 ला तिकडे कायदा झाला, गाडीवरच्या लोकांना सलग 16 तासांच्या वर राबवायचं नाही. सोळा! त्याआधी किती राबवत असतील ते तुम्हीच मोजा.